मराठीच्या कपाटामागचं पुस्तक

परीक्षा जवळ आल्या की मंदा मला एक प्रश्न विचारायची. समोर बसून, वेळ काढून वगैरे नाही. भाजी निवडताना किंवा मी मेट्रोचं कार्ड शोधत असताना पाठीमागून म्हणायची, "अहो, त्या मुलीचं काय झालं पुढे?" मी म्हणायचो, "माहीत नाही." ती "अच्छा" म्हणायची आणि परत भाजीकडे वळायची. तीस वर्षं दिल्लीत काढल्यावर हा 'अच्छा' आमच्या घरात फार कामाचा झाला होता. त्यात होकार असायचा, नाराजी असायची, आता पुरे असंही असायचं. या प्रश्नानंतरच्या 'अच्छा'मध्ये मात्र विषय संपलेला नसायचा. तो पुढच्या परीक्षेपर्यंत राखून ठेवलेला असायचा.

मंदा चैत्रात गेली. माझी बायको, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, माझ्याहून जास्त कागद हाताळलेली आणि माझ्याहून कमी कागदी. आता पुन्हा परीक्षा आल्या आहेत आणि या वर्षी मला कोणी काही विचारलेलं नाही.

नोव्हेंबर सरता सरता दिल्लीच्या द्वारका भागातल्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांवर रजया उन्हाला पडतात. ऊन म्हणजे दुपारी बारा ते तीन जे काही धुरातून गाळून येतं ते. सकाळी समोरची इमारत दिसत नाही, ती तिथे असणार असा अंदाज असतो. सप्तपर्णीच्या फुलांचा डोकं धरायला लावणारा वास नुकताच ओसरलेला असतो आणि कुठेतरी कोणीतरी पाला जाळत असतं. आमची रजई मी यंदा एकट्याने काढली. डांबराच्या गोळ्या जुन्या मलमलीच्या तुकड्यात बांधून मंदाने आत ठेवल्या होत्या, फेब्रुवारीत. गाठ सुटेना. मग मी ती तशीच पुरचुंडी उचलून उशाशी ठेवली आणि कामावर गेलो.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे हा आमचा खरा हंगाम. लायब्ररीत बसायला जागा नसते, मुलं जिन्यावर बसतात, खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. लोकरीचा, भुईमुगाच्या शेंगांचा आणि न वाळलेल्या मोज्यांचा असा एक मिश्र वास हॉलभर असतो. शेंगांची टरफलं कपाटांच्या फटीत सापडतात. तोंडावर मफलर ओढून कोणी पाठ करत असतं आणि ओठ हलतात ते मफलरच्या लोकरीवरून कळतं. एरवी वर्षभर ज्या पुस्तकांकडे कोणी बघत नाही ती या दिवसांत हातोहात फिरतात. मला हे दिवस आवडायचे. आपली कोणाला तरी गरज आहे असं वाटायचं. हे आता लिहितानाही मला खाली बघावंसं वाटतं.

आमच्या कामात सकाळची एक फेरी असते. लायब्ररी उघडायच्या आधी प्रत्येक कपाटापुढून चालत जायचं आणि पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक ओळीने वाचत जायचं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, असं आम्हाला शिकवलेलं आहे. चमनलाल आणि मी ही फेरी करायचो. चमनलाल हरियाणातल्या झज्जरकडचा, पुस्तकं लावायच्या कामावर माझ्याइतकाच जुना. परीक्षेच्या दिवसांत या फेरीला शिकारीचं स्वरूप यायचं, कारण या दिवसांत मुलं पुस्तकं लपवतात. ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे, ज्याच्या पाठीवर लाल पट्टी आहे, म्हणजे जे घरी नेता येत नाही, ते संध्याकाळी जाताना भलत्याच कपाटात खोचून ठेवायचं आणि सकाळी येऊन बरोबर तिथून काढायचं. हा रिवाज सगळ्या कॉलेजांत आहे. चमनलाल एकेक पुस्तक हुडकून आणायचा आणि टेबलावर आपटायचा.

"सर, गणित की किताब आज धर्म में मिली."

"अच्छा?"

"पढ़ाई से नहीं तो ऊपर वाले से, पास होने का पक्का इंतज़ाम है."

आम्ही हसायचो. काउंटरजवळ एका टेबलावर मी पाटी लावली होती, 'पकड़ी गई किताबें'. त्या टेबलाचा मला अभिमान होता. एखादं पुस्तक कोणी का लपवतं, हे अठ्ठावीसपैकी पंचवीस वर्षं मी स्वतःला विचारलं नाही. मी ते परत जागेवर ठेवत गेलो आणि आपण व्यवस्था राखतो आहोत असं समजत गेलो.

प्रणिता पहिल्यांदा लायब्ररीत आली तेव्हा पहिल्या वर्षाला होती. वाशिमजवळच्या गावातली. मामा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, राहायला पालमकडच्या एका गल्लीत, एका खोलीत पाच माणसं, हिला धरून सहा. हे सगळं तिने मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, कारण मी मराठी आहे हे कळल्यावर तिला कुठे थांबावं ते कळेना.

"सर, इथं मराठी पुस्तकं हायेत म्हणे?"

होती. एक प्राध्यापिका निवृत्त होताना आपली साठ-सत्तर पुस्तकं देऊन गेल्या होत्या. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे, खिडकीखाली एक कपाट. मी तिला तिथे घेऊन गेलो. तिने पुस्तकांवरून हात फिरवला, एखाद्या गुरावरून फिरवावा तसा, आणि म्हणाली, "इतके दिवस कोनीच आलं नाही वाटतं यांच्याकडे." खरंच नव्हतं आलं. त्या कपाटाकडे मीही सकाळच्या फेरीत फार बघत नसे. क्रमांक कोण बिघडवणार तिथले.

त्यानंतर ती काउंटरवर आली की मराठीत बोलायची आणि मीही बोलायचो. चमनलाल डोळे मिचकावायचा. "सर, आपके मायके से आई है." मला गंमत वाटायची. मग एकदा कॉमर्सचे एक प्राध्यापक काउंटरवर उभे असताना ती आली आणि काहीतरी विचारून गेली. ते मोठ्याने म्हणाले, "वाह भाई, लाइब्रेरी में महाराष्ट्र मंडल खुल गया!" हसतच म्हणाले. त्यात काही विखार नव्हता. पण त्या दिवसापासून चारचौघांत मी तिच्याशी हिंदीत बोलायला लागलो. ती मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायचो. काही दिवसांनी तिने विचारणंच कमी केलं. दिल्लीत आपण घराबाहेर पडलो की हिंदी बोलतो, त्यात नवीन काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत अर्धीच खरी होती. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. असणं आणि दिसणं यातला फरक माझ्यासारख्या माणसाला कळायला हवा होता.

दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राच्या पेपरात ती नापास झाली. तिसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या परीक्षेत, तो पेपर पुन्हा द्यायचा होता. त्या विषयाचं एकच चांगलं पुस्तक आमच्याकडे होतं, जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचं. नोंदीप्रमाणे प्रती तीन. प्रत्यक्षात कपाटात एक, लाल पट्टीची.

ते पुस्तक सकाळी जागेवर नसायचं. चार दिवस मी आणि चमनलाल शोधत होतो. दुपारी ते आपोआप टेबलावर दिसायचं, संध्याकाळी पुन्हा गायब. पाचव्या दिवशी खांबाच्या मागे दिवा लावायला गेलो असताना मराठीच्या कपाटात कादंबऱ्यांची एक ओळ जरा पुढे आलेली दिसली. त्यांच्या मागे निळं कापड होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर आनंद झाला. पकडल्याचा आनंद. आणि लगेच कळलंही, की या कपाटाकडे वाचायला या इमारतीत दोनच माणसं येतात. मी पुस्तक काढून नेऊ शकलो असतो. ती आल्यावर बाजूला बोलावून विचारू शकलो असतो. मी ते तसंच ठेवलं आणि खांबाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसलो.

ती सव्वाअकराला आली. थंडीचा स्वेटर नव्हता, एकावर एक दोन कुर्ते घातले होते आणि वर ओढणी घट्ट गुंडाळली होती. सरळ कपाटाकडे गेली. कादंबऱ्या तिने एकेक करून बाजूला काढल्या, त्यांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी. निळं पुस्तक छातीशी धरून वळली, तर मी समोर.

"यह क्या हो रहा है?" मी म्हणालो. मोठ्याने. हॉलमधल्या माना वर झाल्या.

"सर, मी नेत नव्हती. इथंच ठेवलं होतं. घरी वाचायला..."

"हिंदी में बोलिए. यहाँ सब सुन रहे हैं."

ती थांबली. तिला हिंदी येत नव्हती असं नाही, तीन वर्षं दिल्लीत होती. पण सगळं अंग आखडलेलं असताना माणूस जी भाषा शोधतो ती मी तिच्या तोंडून काढून घेतली होती. तिने दोनदा "सर, वो..." म्हटलं. मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं. मागून कोणीतरी खुसकन हसलं. मी तिचं कार्ड मागितलं, परीक्षा संपेपर्यंत जमा करून घेतलं आणि रजिस्टरमध्ये कारण लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

संध्याकाळी मी मंदाला हे सांगितलं. सांगताना आवाजात थोडी ऐट असावी, कारण तिने हातातला इस्त्रीचा कपडा बाजूला ठेवला.

"पुस्तक बाहेर नेत होती?"

"नाही."

"पानं फाडली?"

"नाही गं. लपवलं. दुसऱ्या मुलांना कसं मिळणार मग?"

"एकच आहे तुमच्याकडे?"

"तीन आहेत. दोन प्राध्यापकांकडे आहेत."

"कधीपासून?"

मी आठवायला लागलो. "असतील सहा-सात वर्षं."

"मग ती लपवलेली नाहीत का?"

मी म्हणालो, तो वेगळा विषय आहे. ती म्हणाली, "वेगळा कसा? मी ऑफिसात रोज बघते. साहेब फाइल टेबलात ठेवतो ती विचाराधीन, आणि शिपाई ठेवतो ती गहाळ." मग कपड्याची घडी घालत, माझ्याकडे न बघता, "आणि ती मराठीत बोलली तर तुम्ही हिंदीत का बोललात?"

"सगळे बघत होते, मंदा."

"अच्छा."

प्रणिता त्या पेपरात पुन्हा नापास झाली. जानेवारीत वर्ग सुरू झाले तेव्हा ती आली नाही. फेब्रुवारीत चमनलाल म्हणाला, "सर, वो आपकी मराठी लड़की दिखती नहीं आजकल." मी म्हणालो, येईल. मार्चमध्ये कमी केलेल्या नावांची यादी सूचनाफलकावर लागली. मी चहाला जाता-येता तिच्यापुढून चार वेळा गेलो आणि पाचव्यांदा वाचली.

तिचं जमा केलेलं कार्ड माझ्या खणात होतं. फोटोत ती हसते आहे, पहिल्या वर्षाचा फोटो. ते कार्ड कोणाला परत करायचं हे मला कळेना, आणि फाडायचं तर हात होईना.

मग मी एक गोष्ट केली जी खरं तर सात वर्षांपूर्वी करायची होती. दोन प्राध्यापकांना दोन पत्रं लिहिली, तीन-तीन ओळींची: आपल्याकडील प्रत कृपया परत करावी. सकाळी पाठवली. दुपारच्या जेवणाआधी दोन्ही पुस्तकं माझ्या टेबलावर होती. एक जण तर माफी मागून गेले, "अरे, मुझे तो याद ही नहीं था." त्या प्रतीची काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, छापखान्यातून आल्यासारखी. कोणी उघडलीच नव्हती. मी पट्टीने ती पानं हळूहळू सोडवत बसलो. अर्धा दिवस. एका मुलीचं कॉलेज वाचवायला अर्धा दिवस आणि सहा ओळी लागल्या असत्या.

त्या उन्हाळ्यापासून काउंटरमागे राखीव कपाट सुरू केलं. ज्या पुस्तकांच्या प्रती कमी ती तिथे ठेवायची, दोन-दोन तासांसाठी नाव लिहून द्यायची, शेवटच्या माणसाला रात्रीपुरती घरी न्यायची मुभा. कोणी सलग तीन-चार दिवस तेच पुस्तक मागतंय असं दिसलं की विचारायचं, बाबा रे, घरी वाचायला जागा आहे का, वर्गात समजतंय का, पुढच्या वर्गातल्या एखाद्याशी गाठ घालून देऊ का. 'पकड़ी गई किताबें'ची पाटी मी काढली. चमनलालने कारण विचारलं नाही. गेल्या दोन वर्षांत असं विचारल्यामुळे काही मुलं टिकली, हे खरं आहे. त्यांची नावं मला माहीत आहेत. आणि त्यातल्या प्रत्येकाशी मी गोड बोललो तेव्हा माझ्या मनात एक वेगळंच नाव होतं, हेही खरं आहे.

मंदा विचारत राहिली. माहीत नाही, मी म्हणत राहिलो. सदस्यत्वाच्या अर्जावर मामाचा फोन नंबर होता. तो फिरवायला कितीसा वेळ लागतो.

शेवटच्या आजारपणातही तिने एकदा विचारलं होतं. परीक्षा नव्हत्या, मार्च चालू होता. नर्स सलाइन बदलत होती. मंदाने डोळे न उघडता म्हटलं, "त्या मुलीचं..." आणि दमून थांबली. मी म्हणालो, "तू पड आता." मला उत्तर द्यावं लागलं नाही याचं त्या क्षणी मला हलकं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या पंधरवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. कुठलीशी तपासणी समिती यायची आहे. मुलांनी कॉलेज अर्ध्यावर सोडू नये म्हणून ग्रंथालयाने काय केलं यावर एक पान हवं होतं. मी राखीव कपाटाबद्दल लिहून नेलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा वर केला.

"वाह! यह तो बहुत बढ़िया है. यह आइडिया आपको कैसे आया?"

"ऐसे ही, मैडम."

"नहीं नहीं, दो लाइन इस पर भी लिखिए. कमेटी को कहानी अच्छी लगती है."

मी "जी" म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहिलो. खाली-वर मुलं बसलेली होती, मला वाट द्यायला गुडघे आवळत होती. दोन ओळी. मी काय लिहिणार होतो त्या दोन ओळींत? घरी जाऊन सांगण्यासारखी ही गोष्ट होती आणि घरी सांगायला कोणी नव्हतं. मंदा असती तर म्हणाली असती, लिहा की, जे झालं ते लिहा. मी वर न जाता ऑफिसात गेलो आणि परीक्षा विभागाच्या बाईंना विचारलं, तीन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षात सोडून गेलेल्या मुलीला परत येता येतं का. त्यांनी संगणकात बघितलं. "आ सकती है. पर यही आखिरी साल है. यह बचा हुआ पेपर अभी दिसंबर में निकाले, तभी जनवरी में आखिरी सेमेस्टर मिलेगा. फॉर्म बुधवार तक है." तो सोमवार होता.

मी फोन लावला. मामांनी उचलला, कॉलेजातून म्हटल्यावर घाबरले, मग हाक मारली, "प्रणे, तुझे सर आहेत."

"जी सर, बोलिए."

मी मराठीत बोलत होतो. ती हिंदीत उत्तरं देत होती, स्वच्छ, चांगल्या हिंदीत. मानेसरला मामांच्याच कारखान्यात माल तपासायच्या विभागात होती. मी कशीबशी त्या दिवसाची गोष्ट काढली. ती म्हणाली, "अरे सर, उस बात पे थोड़े ही छोड़ा. मामी की डिलीवरी थी, घर में कोई नहीं था, फिर फेल भी हो गई. एक डाँट पे कोई कॉलेज छोड़ता है क्या?"

मला मोकळं वाटलं. हे ऐकायलाच फोन केला होता, हे त्याच क्षणी माझं मला कळलं, आणि कान तापले. तिला शेवटची संधी आहे हे मी अजून सांगितलंही नव्हतं. माझी सुटका आधी मागून घेतली होती.

ती पुढे म्हणाली, "पर वो पेपर निकल जाता, सर. पाँच चैप्टर हो गए थे मेरे. चार बचे थे."

मी तिला बुधवारचं सांगितलं. पलीकडे कारखान्याच्या बसचा हॉर्न वाजला. मग तिने विचारलं, "इतवार को खुलती है लाइब्रेरी?"

"दहा ते चार. परीक्षा संपेपर्यंत प्रत्येक रविवारी."

फॉर्म तिने मंगळवारीच भरला. हे मला बाईंनी सांगितलं, तिने नाही.

रविवारी ती साडेदहाला आली. कंपनीचं गडद निळं जॅकेट, पायात कामाचे जाड बूट, चेहरा भरलेला, केस आखूड. मी तिला ओळखायला क्षणभर चुकलो. मेट्रोत येताना मी मनाशी चार वाक्यं जुळवली होती, मराठीत, नीट. माफीची. राखीव कपाटातून निळं पुस्तक मीच काढून तिच्या टेबलावर नेलं आणि उभा राहिलो.

"प्रणिता, मला तुला एक..."

"सर, वो बाद में," ती पुस्तक उघडत म्हणाली. "पहले यह बताइए, यह क्या है?" तिचं बोट एका प्रकरणावर होतं. प्रमाण विचलन. खाली चिन्हं, वर्गमुळाची छपरं.

मी बघितलं. या पुस्तकाचा क्रमांक मी झोपेतही सांगू शकतो. कोणत्या वर्षी घेतलं, किती वेळा बांधलं, कोणत्या प्रतीचं कुठलं पान सैल आहे, सगळं. आत काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं. ज्यासाठी मी एका मुलीला भर हॉलमध्ये उभं केलं त्याची एक ओळ मला वाचता येत नव्हती.

"मला नाही येत," मी म्हणालो.

"आपको नहीं आता?" तिला हसू आलं. खरंखुरं. "बसा मग."

मी बसलो. समोरच्या खुर्चीवर, विद्यार्थी बसतात तिथे. तिने पुस्तक मध्ये ठेवलं आणि पेन्सिल काढली.

"समजा सर, आमच्याकडं दहा बोल्ट आले. मी सगळे मोजते. सरासरी काढली, बरोबर ड्रॉइंगमध्ये माप दिलंय तेवढी आली. मग माल पास करायचा का?"

"करायचा."

"नाही ना! पाच जाड आले अन् पाच बारीक आले तरी सरासरी बरोबरच येते. बसत एकही नाही. म्हणून एकेक बोल्ट सरासरीपासून किती लांब आहे ते बघावं लागते. एकेक. हे मी रोज करते, सर, अन् इथं हे नाव दिलंय त्याला, मला माहीतच नव्हतं." ती पुस्तकावर वाकली. "मग त्या अंतराचा वर्ग करायचा."

"वर्ग कशाला? अंतर तर मिळालं."

ती थांबली. पेन्सिल हनुवटीवर. पान उलटलं, परत मागे आली, ओठ हलवत एक ओळ दोनदा वाचली. माझी ती माफीची चार वाक्यं अजून तशीच होती आणि आत्ता त्यांना जागा नव्हती, कधी मिळेल हेही ठाऊक नव्हतं. पेपर पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होता.

"हां," ती एकदम म्हणाली. "काही अंतरं वजा असतात ना. नुसती बेरीज केली तर एकमेकांना खाऊन टाकतात, खाली शून्य येते. काही चुकलंच नाही असं दिसते. वर्ग केला की कोनाचंच जात नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "समजलं?"

"अर्धं," मी म्हणालो.

"मग पहिल्यापासून सांगते. आता मध्ये बोलू नका, सर."